घरातला रीफ टँक, किनाऱ्यावरचा दगड आणि न बोलावलेले किडे

निळ्या दिव्याखाली डोलणारे समुद्री जीव, मधूनच फिरणारा नारिंगी क्लाउनफिश. रील्समधले असे रीफ टँक पाहून अनेकांना तसाच टँक घरी हवासा वाटतो. डहाणू-तलासरी पट्ट्यात तर समुद्र दाराशीच आहे. झाई, बोर्डी, डहाणू, वाढवण. ओहोटी लागली की ठिकठिकाणी खडक उघडे पडतात. मग 'दगड विकत कशाला, किनाऱ्यावरून उचलू' हा विचार साहजिकच येतो. त्या दगडाबरोबर आणखी कोण घरी येतंय, हे मात्र उचलणाऱ्याला दिसत नाही.

दगडात कोण राहतं?

समुद्रातल्या दगडाला असंख्य भोकं असतात आणि त्यांत जिवाणू, शेवाळ, गोगलगायी, किडे असा अख्खा संसार असतो. म्हणूनच हौशी लोक त्याला 'लाइव्ह रॉक' म्हणतात. पाणी स्वच्छ राखायला हे जिवाणूच कामी येतात. किड्यांचंही तसंच. अंगावर बारीक केस असलेले बहुतेक ब्रिसलवर्म उरलंसुरलं अन्न खातात, म्हणजे ते टँकचे सफाई कामगार. किडा दिसला की औषध ओतणं हा उतावीळपणा झाला.

खरा धोका मोजक्या जातींचा. फायरवर्म प्रवाळ कुरतडतो, त्याचे केस बोटात रुतले तर आग होते. प्रवाळांवर पसरणारे तांबूस चपटे किडे त्यांचा प्रकाश अडवतात. अॅक्रोपोरा प्रवाळ खाणारा चपटा किडा तर इतका बेमालूम रंगाचा असतो की नुकसान झाल्यावरच कळतं. आणि बॉबिट वर्म! इंग्लंडमधल्या न्यूकी इथल्या मत्स्यालयात प्रवाळांची नासधूस का होतेय, कळेना. २००९ मध्ये टँक सुटा केला तेव्हा सुमारे चार फुटांचा किडा सापडला. तो लहान असताना दगडातूनच आला असावा, असा अंदाज होता.

मग रोखायचं कसं?

सर्वांत सोपा उपाय म्हणजे कोरड्या दगडापासून सुरुवात. जिवाणू तयार व्हायला काही आठवडे जास्त लागतात, पण किडा येत नाही. नवा जीव आणला तर तो थेट मुख्य टँकमध्ये सोडू नये. वेगळ्या छोट्या टाकीत चार-सहा आठवडे ठेवावा. प्रवाळांसाठी मिळणाऱ्या द्रावणात बुडवून काढण्याची पद्धत आहे, पण इथेच बहुतेकांची फसगत होते. द्रावणानं किडे गळून पडतात, अंडी नाहीत. ती बुडाशी चिकटलेली असतात, खरवडूनच काढावी लागतात. काही दिवसांनी पुन्हा बुडवावं लागतं, ते यासाठीच. चपटे किडे फार झाले असतील तर एकदम मारू नयेत. मरताना त्यांच्यातून निघणारं विष माशांना बाधतं. आधी नळीनं शक्य तितके ओढून काढावेत, मग कार्बन आणि पाणीबदल हाताशी ठेवून औषध वापरावं. रात्री दिवे बंद झाल्यावर टॉर्च मारून पाहणं हाही चांगला उपाय. बरेच किडे तेव्हाच बाहेर येतात.

कायदा काय म्हणतो?

रील्समध्ये हा भाग नसतो. भारतात सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे संरक्षणाच्या बाबतीत वाघाच्या रांगेत. ते गोळा करणं, विकणं, विनापरवाना बाळगणं हा गुन्हा आहे. शिक्षा किमान ३ ते कमाल ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. दगडावर प्रवाळाची छोटीशी वसाहत असली तरी नियम लागू होतो, आणि 'माहीत नव्हतं' हा बचाव चालत नाही. मुंबईत किनारी रस्त्यासाठी वरळी आणि हाजी अलीजवळचे प्रवाळ २०२० मध्ये परवानगी घेऊनच हलवावे लागले होते.

टँकचा प्रश्न बंदराशी कसा जोडला जातो?

वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळानं जून २०२४ मध्ये मंजुरी दिली. खर्च ७६,२२० कोटी रुपये, क्षमता वर्षाला २९.८ कोटी टन. एवढा माल म्हणजे तेवढीच जहाजं, आणि तोल राखण्यासाठी जहाजं पोटात समुद्राचं पाणी भरून आणतात. त्यात दूरच्या किनाऱ्यावरच्या किड्यांच्या, शिंपल्यांच्या अळ्या असतात. विशाखापट्टणम बंदरात १९६७ मध्ये अमेरिकेकडचा काळ्या पट्ट्यांचा शिंपला असाच सापडला आणि नंतर मुंबईच्या गोद्यांतही दिसला. नळीत राहणारे किडेही जहाजाच्या तळाला चिकटून प्रवास करतात.

टँकमध्ये चूक झाली तर टाकी रिकामी करता येते. वाढवणच्या खडकांवर कालवं आणि शेवंडांवर पोट असलेल्यांना ती सोय नाही. जहाजातल्या पाण्यासाठी जागतिक करार सप्टेंबर २०१७ पासून लागू आहे. प्रक्रिया केलेल्या पाण्यात ५० मायक्रॉन किंवा त्याहून मोठे जिवंत जीव दर घनमीटरला १० पेक्षा कमी हवेत, असा त्याचा निकष. पण जहाजाच्या तळाला चिकटून येणाऱ्यांना हा करार लागू होत नाही. बंदराच्या चर्चेत भराव आणि मासेमारीचं क्षेत्र यांवर बरंच बोललं जातं आणि ते योग्यच आहे. या किनाऱ्यावर आज कोणते किडे, कोणते शिंपले आहेत याची यादी मात्र पहिलं जहाज लागण्याआधीच तयार हवी. नंतर सापडलेला किडा इथला की बाहेरचा, हे ठरवायला दुसरा आधार नसेल.