शाखा निवडण्यापूर्वी घरची खतावणी उघडा

सर जे. जे. कलाशाळा 1857 साली सुरू झाली. क्रॉफर्ड मार्केटपासून ती हाकेच्या अंतरावर आहे, म्हणजे महंमद अली रोड, भेंडी बाजार, नळ बाजार येथील आमच्या दुकानदार-कारागीर बांधवांच्या रोजच्या वाटेवरच म्हणा ना. 1891 साली तेथे लॉर्ड रे यांच्या नावाने हस्तकारागिरीच्या खास कार्यशाळा निघाल्या. असे असूनही आमच्या मोहल्ल्यांत कलाशिक्षणाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : कोणत्या लाइनला नोकरी लागेल? उत्तरही ठरलेले. कॉम्प्युटरवर जाहिराती बनवायची लाइन, म्हणजे उपयोजित कला.

ही लाइन वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. आमची तक्रार एवढीच की निर्णय फार लवकर होतो, आणि होतो तो शेजाऱ्याच्या मुलाकडे पाहून.

या शिक्षणात फाउंडेशनचे एक वर्ष असते. त्या वर्षात रेषा, रंग, वस्तुचित्र, सपाट नक्षी, त्रिमितीय रचना असे सगळेच थोडे थोडे करून पाहायचे असते. ही पद्धत जर्मनीतील बाऊहाउस या शाळेने रूढ केली. 1919 साली वायमार शहरात निघालेल्या या शाळेत नवख्या विद्यार्थ्याला आधी प्राथमिक वर्ग करावा लागे. निरनिराळा माल हाताखालून गेला की मगच विणकाम, सुतारकाम, धातुकाम अशा एखाद्या कार्यशाळेत प्रवेश मिळे. तेथे एक कलावंत शिकवी आणि त्याच्या जोडीला एक उस्ताद कारागीर. आमच्या कारखान्यांतील उस्ताद-शागिर्दीला हे परके वाटू नये. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतही, जी 1961 साली सुरू झाली, पहिले वर्ष सर्वांना सारखे असते आणि वस्त्र, फर्निचर, सिरॅमिक व काच अशी शाखा त्यानंतर ठरते. काही संस्था मात्र प्रवेशाच्या वेळीच शाखा लिहून घेतात. तेव्हा ही चौकशी आधी करावी.

आता जॅकार्ड चालवणाऱ्या एखाद्या कारखानदाराने आपली खतावणी उघडून पाहावी. सूत, मजुरी, वीज यांचे आकडे त्याला तोंडपाठ असतात. पण नक्षी आणि तिचा ग्राफ बनवून घेण्यासाठी वर्षभरात किती रक्कम बाहेर गेली हे बहुधा सांगता येत नाही. 400 हुकांचा जॅकार्ड आणि ताण्याला इंचाला 80 धागे असा हिशेब धरला तर नक्षी दर 5 इंचांनी पुन्हा येते. ती जेथे संपते आणि पुन्हा सुरू होते तेथे सांधा दिसता कामा नये. दिसला तर थानभर दिसतो आणि माल पडून राहतो. फाउंडेशनच्या वर्गात सपाट नक्षीच्या तासाला मुलगा हेच गिरवत असतो, फक्त तेथे कागद असतो आणि घरी माग. या दोन गोष्टी एकच आहेत हे त्याला कोणी सांगत नाही. शिक्षकाला माग ठाऊक नसतो, आणि बापाला वाटते पोरगा चित्रे काढतो.

जरीकाम, फर्निचर, पितळकाम करणाऱ्या घरांनाही हा हिशेब लागू आहे. घरात माल आहे, हात आहे, गिऱ्हाईक आहे. उणीव असते ती नव्या नमुन्याची.

याचा अर्थ बापाचा धंदा तीच मुलाची शाखा, असा कोणी घेऊ नये. मुलींच्या बाबतीत तर हे सर्रास होते. शिवणटिपण बरे म्हणून वस्त्रकला, चर्चा संपली. खुद्द बाऊहाउसनेही मुलींना विणकामाकडेच ढकलले होते. अ‍ॅनी अल्बर्स या विद्यार्थिनीला काचेच्या कार्यशाळेत जायचे होते, नाइलाजाने ती मागावर बसली. पुढे 1949 साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने तिच्या कामाचे स्वतंत्र प्रदर्शन भरवले. तिचे चांगले झाले. पण ज्यांचे मन मागावर रमले नाही त्यांची नोंद कोणी ठेवली?

आणखी एक अडचण स्पष्ट बोललेली बरी. मानवाकृती काढण्याबद्दल काही घरांत संकोच असतो आणि त्यापायी कलाशिक्षणाचा दरवाजाच बंद होतो. अक्षर, भौमितिक नक्षी, वेलबुट्टी, विणकाम, मातकाम, धातुकाम यांत तर आमच्याच कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या नाव कमावले. ज्यांना संकोच आहे त्यांनी अभ्यासक्रम मागवून वाचावा, शिक्षकांशी बोलावे. न वाचता नकार देण्यात मुलाचेच नुकसान आहे.

वर्षाच्या मध्यावर, दिवाळीच्या सुट्टीत, मुलाच्या वह्या मागवून पाहाव्यात. गुण पाहू नयेत. कोणते काम त्याने न सांगता दुसऱ्यांदा केले ते पाहावे. आठवडाभर त्याला कारखान्यात बसवावे आणि तोच आठवडा दुसऱ्या एखाद्या पेशाच्या ओळखीच्या उस्तादाकडेही द्यावा. मग पालकांनी स्वतः संस्थेत जाऊन माग, भट्टी, सुतारकामाची यंत्रे चालू आहेत का ते डोळ्यांनी पाहावे. मागावर चादर टाकून ठेवलेली असेल तर माहितीपत्रकात काहीही छापलेले असो, त्या शाखेची फी भरण्याआधी दुसरी संस्था शोधावी.