पवनचक्की बघायला जाताय? मग आत शिरा!

युरोपात मास्टर्सला गेलेल्या कुठल्याही मित्र-मैत्रिणीचं इन्स्टा उघडा. पहिल्या दोन-तीन महिन्यांत एक फोटो येतोच येतो. मागे हिरवी लाकडी घरं, संथ नदी, काठावर ओळीने उभ्या पवनचक्क्या आणि पुढ्यात हात पसरलेले आपले साहेब किंवा बाईसाहेब. लोकेशन : झान्से स्खान्स, नेदरलँड्स. कॅप्शनमध्ये 'ड्रीमी' नाहीतर 'फेअरीटेल'.

तुमच्यापैकी काही जण येत्या सप्टेंबरात डेल्फ्ट, आइंडहोवन, ग्रोनिंगनला निघाले असतील, काही जण घरच्यांबरोबर युरोप टूरला. हा फोटो तुम्हीही काढणार. काढाच. पण माझं म्हणणं असं, की ही डे ट्रिप फोटोसाठी आखू नका. एका चालू पवनचक्कीच्या आत तासभर घालवायचा, असं आधी ठरवा आणि बाकीचा दिवस त्याभोवती बसवा. कारण बाहेरून दिसतं ते फक्त टरफल आहे.

आपल्याला पवनचक्की म्हटलं की साताऱ्याचं चाळकेवाडीचं पठार आठवतं, म्हणजे वीज. डच पवनचक्की म्हटलं की शेत, गाय, दळण. झान नदीकाठच्या चक्क्या यातल्या कशातच बसत नाहीत. त्या सरळसरळ कारखाने होत्या. सतराव्या-अठराव्या शतकात या छोट्याशा पट्ट्यात एका वेळी सुमारे ६०० पवनचक्क्या चालत होत्या. कुठे लाकूड चिरलं जायचं, कुठे तेल गाळलं जायचं, कुठे कागद, कुठे रंग, कुठे मोहरी. वाफेचं इंजिन यायच्या कितीतरी आधी हा युरोपातला मोठा औद्योगिक पट्टा होता. परीकथा वगैरे नंतरची. तेव्हा तिथे भुसा, धूळ आणि कानठळ्या होत्या.

याची सुरुवात कॉर्नेलिस कॉर्नेलिसझोन नावाच्या माणसाने केली. जवळच्याच आउटगेस्ट गावचा. १५९३ मध्ये त्याला वाऱ्यावर चालणाऱ्या लाकूडचिराई गिरणीचं पेटंट मिळालं. युक्ती होती क्रँकशाफ्टची : पाती गोल फिरतात, पण करवतीला वर-खाली जायचंय, तर मध्ये वाकवलेला दांडा घाला. मेकॅनिकलवाल्यांना हे फर्स्ट इयरला शिकवतात. इथे ते डोळ्यांसमोर, लाकडात आणि लोखंडात, तुमच्या डोक्याएवढ्या उंचीवर धडधडत असतं. साठ ओंडके हाताने चिरायला १२० दिवस लागायचे, ते काम चार-पाच दिवसांवर आलं, असं सांगतात. ॲमस्टरडॅममधल्या करवत्यांच्या संघाला हे यंत्र अर्थातच नको होतं. झान खोऱ्यात अडवायला कुणी नव्हतं, म्हणून गिरण्या तिकडे वाढल्या. एआय आणि नोकऱ्यांवरचं भांडण तुम्हाला नवीन वाटत असेल, तर हे लक्षात ठेवा.

लाकूड झटपट आणि स्वस्तात चिरलं गेलं, तशी जहाजं झटपट बनू लागली. ती कला शिकायला रशियाचा झार पीटर १६९७ मध्ये नाव बदलून झानडामला येऊन राहिला. आठवडाभरातच त्याला गाशा गुंडाळावा लागला, कारण त्याला बघायला लोकांची झुंबड उडायला लागली! तो राहिला ते लाकडी घर आजही जपून ठेवलंय. आणि डच जहाजबांधणीच्या याच भरभराटीचं एक टोक आपल्याकडे पोचतं. डच ईस्ट इंडिया कंपनीची वखार आपल्या वेंगुर्ल्यात होती, तिचे अवशेष अजून उभे आहेत. तेव्हा त्या गोड चित्रासमोर उभं राहताना 'हाऊ क्यूट' म्हणण्याआधी एक क्षण थांबायला हरकत नाही.

आता एक आक्षेप नेहमी येतो : 'पण ते गाव तर नकली आहे ना?' अर्धं खरं आहे. आज दिसतं तसं गाव तिथे कधीच नव्हतं. १९६१ ते १९७४ या काळात झान खोऱ्यातली पाडायला निघालेली घरं, कोठारं, चक्क्या उचलून इथे आणून मांडल्या गेल्या. कल्पना याप स्खिपर या आर्किटेक्टची. 'स्खान्स' हा शब्दही जुना, १५७४ मध्ये स्पॅनिश सैन्याविरुद्ध उभारलेल्या मातीच्या मोर्च्यावरून आलेला. पण नकली म्हणजे काय? 'दे काट', म्हणजे मांजर, ही रंगाची चक्की घ्या. १९६० मध्ये एका चक्कीच्या पायावर दुसऱ्या चक्कीचं धड बसवून ती उभी राहिली आणि आजही तिथे वाऱ्यावर रंगद्रव्यं दळली जातात. 'हेट यॉन्गे स्खाप', म्हणजे कोकरू, ही मूळ १६८० ची लाकूडचिराई गिरणी १९४२ मध्ये पाडली गेली आणि जुन्या मापांवरून २००७ मध्ये पुन्हा बांधली. ती खरोखर लाकूड चिरते. मला विचाराल तर काम करणारी नवी चक्की ही कुलूप लावलेल्या जुन्या चक्कीपेक्षा जास्त अस्सल आहे. यावर भांडायला मी तयार आहे.

तर तो एक तास कुठे घालवायचा? माझं मत तेलाच्या चक्कीला. 'दे झूकर' किंवा 'दे बॉन्टे हेन'. आत दगडी जाती उभी फिरतात, खाली जवस भरडलं जातं, मग ते गरम करून पाचरी ठोकून तेल काढतात. आपल्या तेलघाण्याचाच हा थोरला भाऊ, फक्त बैलाच्या जागी वारा. ठोके पडायला लागले की जमीन हादरते. हे रीलमध्ये येत नाही. वास तर नाहीच नाही.

आणि चक्की चालवणाऱ्या माणसाशी बोला. डच लोक छान इंग्रजी बोलतात, तेव्हा भाषेची सबब नको. वारा फिरला की चक्कीचं डोकं कसं वळवता, पात्यांवर कापड कधी चढवता, वादळ दिसलं की काय करता, हे विचारा. हे कसब युनेस्कोने २०१७ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतलंय. देशभरात अनेक चक्क्या चालतात त्या हौशी, प्रशिक्षित स्वयंसेवकांवर. त्यांचा संघ १९७२ पासून आहे. दोन वर्षं तिथे राहणार असाल तर शनिवारी जवळच्या चक्कीवर जाऊन हे काम शिकण्याचा विचार करून बघा. सीव्हीवर काय शोभेल!

आता पैशांचं बोलू, कारण खरा वाद तिथे आहे. आतापर्यंत गावात शिरायला काही लागत नव्हतं, तिकीट होतं ते म्युझियमचं आणि चक्क्यांचं. २०२५ मध्ये मात्र बेत जाहीर झाला, की २०२६ च्या वसंतापासून गावात यायलाच १७.५० युरो घ्यायचे आणि त्यात म्युझियम आणि चक्क्या बघू द्यायच्या. म्हणजे पावणेदोन हजार रुपयांच्या घरात. आपल्यासारख्यांचा पहिला रिॲक्शन ठरलेला : लूट! तिथल्या दुकानदारांनीही विरोध केला.

पण आकडे बघा. २०२४ मध्ये तिथे २६ लाख लोक येऊन गेले. गावात राहतात साधारण शंभर जण. हो, ती हिरवी घरं सेट नाहीत, त्यात माणसं राहतात. लोक त्यांच्या अंगणात शिरतात, खिडकीला नाक लावून आत बघतात, सेल्फी स्टिक घराकडे वळवतात. तुमच्या वाड्यात किंवा चाळीत रोज सात हजार अनोळखी माणसं फोटो काढत फिरली तर? त्यात बसमधून उतरून चीज चाखून, लाकडी बुटात पाय घालून, तासाभरात पुढे फोलेंडामला पळणारे बरेच. गर्दी त्यांची, पण चक्क्यांच्या देखभालीला त्यांच्याकडून फारसं काही मिळत नाही.

म्हणून मी शुल्काच्या बाजूने आहे. एका अटीवर : विद्यार्थ्यांना सवलत हवी. पवनचक्की ही फक्त पैसेवाल्या पर्यटकांनी बघायची गोष्ट झाली, तर जपून उपयोग काय? जायच्या आठवड्यात अधिकृत वेबसाइटवर त्या दिवशीचा नियम आणि कुठल्या चक्क्या उघड्या आहेत ते बघा, जुन्या व्हिडिओंवर विसंबू नका.

एजंटचं 'पवनचक्की-फोलेंडाम-मार्कन, सगळं अर्ध्या दिवसात' हे पॅकेज घेऊ नका, एवढं माझ्याकडून. गरजच नाही. ॲमस्टरडॅम सेंट्रलवरून आउटगेस्टच्या दिशेची स्प्रिंटर ट्रेन पकडा, सतरा-अठरा मिनिटांत झानडाइक झान्से स्खान्स स्टेशन. कॉन्टॅक्टलेस कार्ड चढताना टॅप, उतरताना परत टॅप. दुसरा टॅप विसरलात तर भुर्दंड. आपल्याकडचं कार्ड असेल तर परदेशातलं कॉन्टॅक्टलेस पेमेंट बँकेच्या ॲपमध्ये आधी चालू करून ठेवा. स्टेशनबाहेर बऱ्याचदा कोकोचा वास येतो, कारण शेजारीच कोकोचा कारखाना आहे. पुलावरून नदी ओलांडून चालत दहा-पंधरा मिनिटं. डबा बरोबर न्या. तो घेताना 'अल्बर्ट हाइन'मध्ये गेलात, तर ती साखळीही याच खोऱ्यातली, १८८७ मध्ये ओस्टझानच्या एका छोट्या दुकानातून निघालेली.

रॉटरडॅम किंवा डेल्फ्टला राहणार असाल तर मात्र उलटं सांगेन : आधी किंडरडाइकला जा. रॉटरडॅमहून वॉटरबसने जाता येतं. तिथल्या १९ चक्क्या बहुतेक १७३८ ते १७४० मधल्या, १९९७ पासून जागतिक वारसा. त्या काही बनवत नाहीत, पाणी उपसतात. समुद्रसपाटीखालचा देश कोरडा ठेवणं म्हणजे काय, हे तिथे कळतं. एकाच दिवसात दोन्ही करायचा हट्ट नको.

निघण्याआधी हवामानाचं ॲप उघडाल तेव्हा पावसाआधी वारा बघा. वारा नसेल तर पाती हलत नाहीत, मग ट्रिप पुढच्या शनिवारी ढकला. मे महिन्याचा दुसरा वीकेंड मिळाला तर उत्तमच. तेव्हा राष्ट्रीय पवनचक्की दिन असतो आणि एरवी बंद असणाऱ्या गावोगावच्या चक्क्यांचीही दारं उघडी असतात.