अंगणवाडी सुटल्यावर काय?

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने पन्नाशी ओलांडली. लसीकरण, वजनाची नोंद व पूरक आहार यांसाठी गोमंतकीय पालक अंगणवाडीत येतात. मूल तीन वर्षांचे होताच मात्र अनेकजण खासगी बालवाडीची वाट धरतात. त्यामागे इंग्रजीची ओढ आहेच. परंतु तेवढ्याने वेळेचा प्रश्न सुटत नाही. अंगणवाडी असो वा बालवाडी, दुपारी सुटते. नोकरदार आई संध्याकाळी परतते. घरी आजी नसल्यास नोकरी सोडण्याची वेळ बहुधा आईवरच येते. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची तरतूद केंद्राच्या ‘पालना’ योजनेत आहे. ती गावोगावी पोहोचवताना स्वतंत्र मनुष्यबळ नेमावे लागेल. आहे त्याच मानधनात अंगणवाडी सेविकेवर हा भार टाकणे म्हणजे एका आईची अडचण दुसरीच्या गळ्यात बांधणे होय.