सेप्टिक टँकचा रसायनभ्रम

‘एक पुडी शौचकूपात ओता, टाकी उपसण्याची गरजच उरणार नाही,’ अशा आशयाचे आश्वासन देणाऱ्या पावडरी आणि द्रावणे आज सर्वत्र विकली जातात. काही घरांत थेट अ‍ॅसिड किंवा कॉस्टिक सोडाही ओतला जातो. विषय किरकोळ वाटेल. परंतु २०११ च्या जनगणनेनुसार शहरी भारतातील सुमारे ३८ टक्के घरे सेप्टिक टँकवर अवलंबून होती. मलवाहिनीला जोडलेली घरे ३३ टक्क्यांहूनही कमी होती.

गंमत अशी की, ही टाकी जन्माला आली तीच रसायनांना पर्याय म्हणून. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये सांडपाण्यात चुना आणि तुरटी घालून गाळ खाली बसवीत. त्यामुळे गाळाचे ढीगच वाढत. १८९५ साली एक्सेटरचे नगर सर्वेक्षक डोनाल्ड कॅमेरॉन यांनी बंदिस्त टाकीत जीवाणूंवर भिस्त ठेवली. हे जीवाणू मैल्यासोबत आपोआप येतात. ते विकत आणावे लागत नाहीत. तीव्र अ‍ॅसिड वा सोडा त्यांनाच मारतो, सिमेंट पोखरतो, आणि न पचलेला मैला शोषखड्ड्यात वाहून जाऊ लागतो. शोषखड्ड्यातून तो शेजारच्या विहिरीपर्यंत पोहोचू शकतो. जीवाणूंच्या वा एन्झाइमच्या पुड्या इतक्या घातक नसतात. पण त्यांनी उपसा टळतो, असेही सिद्ध झालेले नाही. पचनानंतर उरणारा गाळ कोणत्याही पुडीने नाहीसा होत नाही. तो दोन-तीन वर्षांनी काढावाच लागतो.

काढतो कोण, हा खरा प्रश्न आहे. तुंबलेल्या टाकीत अ‍ॅसिड पडले की गाळातील सल्फाइडपासून हायड्रोजन सल्फाइड हा प्राणघातक वायू सुटतो. हवेपेक्षा जड असल्याने तो तळाशी साचून राहतो. घरमालकाने ओतलेल्या बाटलीचा पत्ता झाकण उघडणाऱ्या कामगाराला नसतो. माणसाला संरक्षक साधनांविना टाकीत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंची भरपाई १० लाखांवरून ३० लाखांवर नेली. रक्कम वाढवावी लागली, यातच कायद्याच्या अंमलबजावणीची स्थिती दिसते.

तरीही सारा दोष मी घरमालकाला देणार नाही. सेवेत असताना एका नगरपालिकेच्या बैठकीत मी सेप्टिक टँकची नोंदवही मागितली. ती नव्हतीच! मालमत्ता कराच्या वहीत मात्र शेवटची पत्र्याची शेडही नोंदलेली होती. टँकर कधी येईल, किती घेईल, मैला कुठे रिकामा करील, हे ठाऊक नसलेला माणूस पुडीकडेच वळणार. मैला गाळाच्या व्यवस्थापनाचे राष्ट्रीय धोरण २०१७ मध्ये आले. त्याआधीच, २०१५ मध्ये, कर्नाटकातील देवनहळ्ळी येथे मैला गाळावरील प्रक्रिया केंद्र उभे राहिले होते. महाराष्ट्रातील वाई नगरपालिकेने पुढे आणखी एक पाऊल टाकले. नागरिकाच्या तक्रारीची वाट न पाहता तीन वर्षांच्या चक्राने टाक्या उपसण्याची पद्धत तिने स्वीकारली.

इतर नगरपालिकांना प्रारंभ करण्यासाठी नवा निधीही लागणार नाही. मालमत्ता कराच्या वहीत एक रकाना वाढवावा: टाकी आहे का, शेवटचा उपसा कधी झाला. आणि बांधकाम पूर्णत्वाचा दाखला देण्यापूर्वी टाकीचे झाकण फरशीखाली गाडलेले तर नाही ना, एवढे एखाद्या कनिष्ठ अभियंत्याने वाकून पाहावे.