रँकिंग राहू दे, आय-ट्वेन्टी दाखव!

मार्च आला की प्रत्येक ऑफिसात एकजण तरी दर दहा मिनिटांनी मोबाइलवर मेल चेक करताना दिसतो. बॉसला वाटतं, क्लायंटचा मेल आहे. अहो कसला क्लायंट! साहेबांना अमेरिकेतून एमएसचा ॲडमिट यायचाय!

माझ्या एका मैत्रिणीला यंदा दोन आले. एक बॉस्टनचं प्रायव्हेट, नाव घेतलं की नातेवाइकांच्या भुवया वर! दुसरी मिडवेस्टातली स्टेट युनिव्हर्सिटी, तिचं गाव नकाशात शोधावं लागतं. घरचं मत अर्थातच बॉस्टन. मी म्हटलं, रँकिंग राहू दे, आय-ट्वेन्टी दाखव.

या कागदावर वर्षाचा अंदाजे खर्च छापलेला असतो. फी, राहणं-खाणं, सगळं. खरी तुलना इथे. मग 'स्कॉलरशिप' या गोड शब्दाकडे नीट बघायचं. दुसऱ्या वर्षीही मिळणार का? त्यासाठी जीपीए किती लागणार? टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटशिप मिळाली तर बरेचदा फी माफ, वर स्टायपेंड. पण ती आधी पीएचडीवाल्यांना, उरली तर एमएसवाल्यांना. आणि 'तिकडे काम करून फी भरेन' हा फंडा तर विसराच. सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला जास्तीत जास्त २० तास, बस्स! त्यात किराणा निघतो, फी नाही.

राहिलं कर्ज. रक्कम मोठी असली की बँक सहसा तारण मागते आणि मैत्रिणीकडे तारण म्हणजे बाबांचा डोंबिवलीचा वन बीएचके. शिकताना हप्ता नाही म्हणून आपण खूश, पण व्याज चढतच असतं. शिवाय फी डॉलरमध्ये. २००७ साली डॉलर ४० रुपयांच्या आसपास होता, डिसेंबर २०२५मध्ये त्याने नव्वदी पार केली.

डिग्रीनंतर ओपीटीवर १ वर्ष नोकरी करता येते, सायन्स-इंजिनीअरिंगवाल्यांना आणखी २. हिशेब तेवढ्यातच बसवायचा. पुढच्या एच-वन-बीच्या भरवशावर कुणी बाबांचं घर गहाण टाकू नये, असं माझं स्पष्ट मत!

मैत्रिणीने रविवारी बाबांना शेजारी बसवून एक्सेल शीट केली. दोन वर्षांचा फरक जवळजवळ अर्ध्या फ्लॅटएवढा निघाला. बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "त्या मिडवेस्टात थंडी किती असते गं?"