द्रोणाचार्यांची नोकरी

पुणे-लोणावळा लोहमार्गावरील घोरावाडीसारख्या लहान स्थानकावर रोज लोकलची वाट पाहणाऱ्यांना तिकीट तपासनीस हा चुकवावयाचा इसम वाटतो. याच मध्य रेल्वेच्या सेवेतील एका तपासनिसाने, कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळे यांनी, १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल तीन स्थिती प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळविले. खाशाबा जाधव यांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राने वैयक्तिक पदकासाठी ७२ वर्षे वाट पाहिली होती, तेव्हा सत्कार झाले, बढती मिळाली. ते यथोचितच होते.

विचार करावयाचा तो त्यांच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे यांच्या कारकिर्दीचा. त्या स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये याच प्रकारात उतरल्या होत्या. पुढे त्या शिकवू लागल्या, राष्ट्रीय प्रशिक्षक झाल्या. २०२१ मध्ये तोक्योहून भारतीय नेमबाज रिक्तहस्ते परतले. प्रशिक्षकवर्गात फेरबदल झाले आणि देशपांडे यांचेही पद गेले. शिष्य मात्र गेले नाहीत. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत आघाडीवर असलेल्या कुसळे यांचा एक नेम ७.६ वर गेला आणि ते चौथ्या स्थानी घसरले. अशा नेमानंतर दुरुस्ती बंदुकीची नसते, मनाची असते; आणि ती करणारे माणूस अनेक वर्षांच्या सहवासातले असावे लागते. पॅरिसला पहिल्या दोन स्थितींपर्यंत कुसळे पदकाबाहेरच होते. उभ्या स्थितीत, म्हणजे हांगझोऊत जेथे घात झाला तेथेच, त्यांनी तिसरे स्थान गाठले.

जानेवारी २०२५ मध्ये देशपांडे यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. चारच वर्षांपूर्वी ज्यांच्यावाचून राष्ट्रीय संघाचे अडणार नाही असे ठरले होते, त्यांनाच हा बहुमान! पराभवाचा जाब कोणाला तरी विचारला पाहिजे, हे मान्य. परंतु एका वर्षी निकाल घसरला म्हणून शाळेतील सगळेच शिक्षक बदलले, तर पुढचा वर्ग कोणाच्या हाती द्यावयाचा? कुसळे २००९ मध्ये राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाले. पदक आले ते पंधरा वर्षांनी. वस्तुतः हाच हिशेब प्रशिक्षकांच्या नेमणुकीला लावला पाहिजे. निवृत्त खेळाडूला प्रशिक्षक नेमताना किमान दोन ऑलिम्पिकांची मुदत आणि निश्चित वेतन द्यावे. आणि त्याला दूर करावयाचे झाल्यास कारणे लेखी नोंदवावीत. लॉस एंजेलिसची स्पर्धा २०२८ मध्ये आहे. तेथील निकालानंतर पुन्हा याद्या फाडण्यापूर्वी क्रीडा मंत्रालयाने व नेमबाजी संघटनेने एवढे तरी ठरवून ठेवावे.