मोटारसायकल ही हौस नाही, हाजत आहे

आपल्या फिकहच्या किताबांमध्ये जकातीचा हिशोब सांगताना काही वस्तू आधीच बाजूला काढल्या जातात. राहतं घर, अंगावरचे कपडे, कारागिराची अवजारं आणि सवारीचं जनावर. यांच्यावर जकात नाही, कारण त्या 'हाजते असलिया'त, म्हणजे माणसाच्या मूळ गरजांमध्ये मोडतात. घोडा कितीही किंमती असला, तरी तो रोजच्या सवारीचा असेल तर त्याला साठवलेली दौलत मानलं जात नाही.

आता आपल्या देशाच्या करव्यवस्थेकडे पाहा. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा शंभर सीसीची मोटारसायकल २८ टक्क्यांच्या, म्हणजे सर्वांत वरच्या टप्प्यात बसवली गेली. सोन्यावर मात्र ३ टक्के. वडाळा गावातून सिन्नरच्या कारखान्यात पाळीला जाणाऱ्या मुलाची गाडी चैनीच्या वस्तूंच्या रांगेत, आणि लॉकरमधलं सोनं जवळपास मोकळं. ही रचना आठ वर्षं टिकली. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा कर १८ टक्क्यांवर आला. उशिरा का होईना, चूक थोडी दुरुस्त झाली. पण या आठ वर्षांत काय घडलं ते समजून घेतलं नाही, तर पुढचा बोजाही आपण मुकाट्याने उचलू.

वाहन उत्पादकांच्या 'सियाम' या संघटनेचे आकडे बोलके आहेत. २०१८-१९ मध्ये देशात २ कोटी १२ लाख दुचाकी विकल्या गेल्या होत्या. २०२१-२२ मध्ये हा आकडा १ कोटी ३५ लाखांवर घसरला. त्यानंतर बाजार सावरू लागला, तरी २०२४-२५ मध्येही विक्री १ कोटी ९६ लाखांवरच थांबली. यातही स्कूटरने आपली जुनी पातळी ओलांडली, मोटारसायकलने नाही. सहा वर्षांपूर्वी १ कोटी ३६ लाख मोटारसायकली विकल्या जात होत्या, २०२४-२५ मध्ये साधारण १ कोटी २२ लाख. याच वर्षी रॉयल एनफिल्डने निर्यात धरून पहिल्यांदाच १० लाखांचा टप्पा पार केला. म्हणजे ज्याच्या खिशात पैसा होता त्याने मोठी गाडी घेतली, आणि ज्याला शंभर-सव्वाशे सीसीची कामाची गाडी हवी होती तो शोरूमच्या दारातून परत फिरला.

किंमत एका रात्रीत वाढली नाही, ती टप्प्याटप्प्याने चढली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीबरोबर पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम काढणं सक्तीचं झालं. ७५ ते १५० सीसीच्या गाडीला जिथे वर्षाला ७२० रुपये भरून भागायचं, तिथे ३,२८५ रुपये एकरकमी द्यावे लागले. २०२२ मध्ये हीच रक्कम ३,८५१ झाली. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस आणि त्याखालच्यांना सीबीएस ब्रेक आले. एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं, कार्बोरेटर गेला आणि फ्युएल इंजेक्शन आलं. त्याच सुमारास कोरोनाने कमाई बसवली. हिरोची बीएस-६ स्प्लेंडर फेब्रुवारी २०२० मध्ये ५९,६०० रुपयांना बाजारात आली होती. जीएसटी कपातीच्या आधी तिची शोरूम किंमत ८० हजारांच्या आसपास पोहोचली होती.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हे नियम वाईट नव्हते. चांगला ब्रेक जीव वाचवतो, स्वच्छ इंजिनाचा फायदा भद्रकालीच्या अरुंद गल्ल्यांत राहणाऱ्या लेकरांनाच होतो. विमा नसलेल्या गाडीने उडवलेल्या माणसाच्या घरच्यांना काय भोगावं लागतं, हे आपल्या मोहल्ल्यांना ठाऊक आहे. प्रश्न नियमांचा नाही, त्यांचा खर्च कोणाच्या माथी मारला याचा आहे. सुरक्षिततेसाठी गाडी महाग होणार हे सरकारला माहीत होतं. त्याच वेळी कर खाली आणता आला असता. बजाज ऑटोचे राजीव बजाज यांच्यासारखे उद्योजक १८ टक्क्यांची मागणी वर्षानुवर्षं करत होते. पण जशी किंमत वाढली तसा टक्केवारीने कराचा आकडाही वाढत गेला.

हिशोब करून पाहू. कराआधी ७० हजार किंमत असलेली १२५ सीसीची गाडी धरा. २८ टक्के जीएसटी म्हणजे १९,६००. त्यावर महाराष्ट्राचा एकरकमी वाहन कर ११ टक्के, म्हणजे ९,८५६. सत्तर हजारांच्या गाडीवर साडेएकोणतीस हजार रुपये कर! नव्या दराने हा आकडा २१,६८६ होतो. जवळपास पावणेआठ हजार वाचले, हे खरंच. २०२५ च्या दिवाळीत देशभर दुचाकींची विक्रमी विक्री झाली, यातून एवढंच सिद्ध होतं की तरुणांची गरज संपली नव्हती, त्यांचा खिसा पुरत नव्हता. केंद्राने आपला हात थोडा आखडला. राज्याचा ११ टक्के मात्र जागेवर आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही.

कोणी म्हणेल, गाडी परवडत नाही तर बसने जा. नाशिकमध्ये हे म्हणणं सोपं आहे, करणं नाही. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिक मेट्रोसाठी २,०९२ कोटींची घोषणा झाली होती, मेट्रोचा एक खांबही आपण पाहिलेला नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये महापालिकेची सिटीलिंक बस सुरू झाली. ती चांगली सोय आहे, पण वाहकांच्या थकलेल्या पगारावरून तिची चाकं किती वेळा थांबली, हे रोज थांब्यावर उभं राहणाऱ्याला विचारा. आणि सातपूर, अंबडमध्ये दुसरी पाळी सुटते तेव्हा जुन्या नाशकात परतायला बस मिळेलच याची खात्री नसते. ज्याच्याकडे गाडी नाही, त्याच्यासाठी त्या नोकरीचं दार अर्धंच उघडं असतं. कुरिअर, डिलिव्हरी, एसी दुरुस्ती, बेकरीचा माल पोहोचवणं, ही कामं तर गाडीशिवाय सुरूच होत नाहीत.

आपल्या समाजाला हे जास्त लागू पडतं. सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवलं होतं की मुस्लिम कामगारांपैकी सुमारे ६१ टक्के स्वयंरोजगारात आहेत. ज्याला महिन्याचा पगार नाही, त्याला आपलं अवजार स्वतः विकत घ्यावं लागतं. त्याच अहवालात हेही होतं की काही बँका ठरावीक वस्त्यांना 'नकारात्मक क्षेत्र' ठरवून तिथे कर्ज देणं टाळतात. मग गिऱ्हाईक जातं कुठे? शोरूममध्येच टेबल टाकून बसलेल्या फायनान्सवाल्याकडे.

तिथलं गणित प्रत्येकाने एकदा वहीवर मांडावं. ८० हजारांचं कर्ज, तीन वर्षं, 'फक्त १२ टक्के फ्लॅट'. व्याज २८,८०० रुपये, हप्ता सुमारे ३,०२२. ऐकायला बारा टक्के वाटतात. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण ८० हजारांवर मोजलं जातं. घटत्या शिलकीवर हिशोब केला तर हा दर २१ टक्क्यांच्या वर जातो. प्रोसेसिंग फी वेगळीच. कर्ज घ्यावंच लागलं तर एवढं करा: 'रिड्यूसिंग' दर किती आणि एकूण किती रुपये परत करायचे, हे लेखी मागा. कर्ज फिटलं की एनओसी आणि फॉर्म ३५ भरून आरसीवरचा बोजा उतरवा. जुनी गाडी घेत असाल तर फॉर्म २९ आणि ३० भरून ती आधी आपल्या नावावर करा. दुसऱ्याच्या नावावरची गाडी अपघाताच्या दिवशी खूप महाग पडते.

पण आपल्यासाठी प्रश्न फक्त दराचा नाही. सूद हराम आहे हे लहानपणापासून ऐकलेला मुलगा त्या टेबलावर सही करतो, तेव्हा तो मजबुरी म्हणून करतो आणि मनात बोच घेऊन गाडी घरी आणतो. त्याला गुन्हेगार ठरवणं सोपं आहे. माझं म्हणणं असं आहे की ज्या समाजाने त्याला दुसरा रस्ता दिला नाही, त्या समाजाने आधी स्वतःकडे पाहावं. रघुराम राजन समितीने २००८ मध्ये बिनव्याजी वित्तव्यवस्थेची शिफारस केली होती. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने इस्लामिक बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचा निर्णय घेतल्याचं माहिती अधिकारातल्या उत्तरातून कळलं. म्हणजे बँकेची वाट पाहण्यात अर्थ नाही. सहकाराची वाट मात्र खुली आहे. मुस्लिम फंड देवबंद १९६१ पासून बिनव्याजी कर्जाचं काम करतो. दिल्लीची 'सहुलत' ही संस्था २०१० पासून बिनव्याजी सहकारी पतसंस्थांना उभं राहायला मदत करते. आणि महाराष्ट्र तर सहकाराचं घरच आहे.

भिशी आपल्या घराघरात आहे. तोच हिशोब गाडीला लावा. ३५ जणांनी दरमहा ३ हजार टाकले, म्हणजे फायनान्सच्या हप्त्याएवढेच, तर दर महिन्याला १ लाख ५ हजार जमतात. त्यात विमा आणि नोंदणीसह एक कामाची गाडी रस्त्यावर येते, एक रुपया सूद न देता आणि डाउन पेमेंट न भरता. अडचण एकच, शेवटच्या माणसाला जवळपास तीन वर्षं थांबावं लागेल. इथे समाजातल्या खात्यापित्या लोकांचं काम सुरू होतं. आयटीत, व्यापारात, आखाती देशांत कमावणाऱ्या दहा-बारा जणांनी आपली रक्कम कर्जे हसना म्हणून फंडात ठेवली, तर रांग अर्ध्यावर येते. ज्याची रोजी गाडीवर अडली आहे त्याचा नंबर आधी. जो जकातीचा हकदार आहे, त्याला जकातीतून गाडीचं मालक करता येतं, एकदाच, म्हणजे पुढच्या रमजानमध्ये त्याला हात पसरावा लागणार नाही. मोठी पतसंस्था असेल तर मुराबहाचा मार्ग आहे: संस्था गाडी स्वतः विकत घेते, आपला नफा उघड सांगते आणि ठरलेल्या किमतीला हप्त्याने विकते. हप्ता लांबला तरी किंमत वाढत नाही.

भीती वाटणं साहजिक आहे. बेंगळुरूच्या आयएमए प्रकरणात 'हलाल गुंतवणूक' या नावाखाली हजारो मुस्लिम कुटुंबांचे पैसे बुडाले, २०१९ ची ती जखम अजून ओली आहे. पण फरक ओळखा. तिथे घरबसल्या नफ्याचं आमिष होतं. इथे कोणालाही नफा मिळणार नाही, फक्त गाडी मिळणार आहे. तरीही संस्था नोंदणीकृत हवी, दरवर्षी ऑडिट हवं, आणि हिशोब दर महिन्याला सभासदांसमोर आला पाहिजे. विश्वास हवा, पण कागदासकट.

एक शेवटची गोष्ट, जी आपल्याला टोचेल. गाडीला गरज म्हणायचं असेल तर ती आपण गरजेसारखीच वागवली पाहिजे. वाचलेल्या पावणेआठ हजारांवर अजून चाळीस हजार घालून दाखवण्याची गाडी घेणं हा इस्राफ आहे. आणि निकाहच्या बोलणीत 'मुलाला गाडी तर द्याल ना' असं विचारणं ही तर सरळ लूट आहे. किंमत वाढली की त्या मागणीचा भारही मुलीच्या बापावर वाढतो. आपल्या सवारीचा खर्च दुसऱ्याच्या घरावर टाकणाऱ्याला सरकारच्या २८ टक्क्यांवर बोलण्याचा अधिकार उरत नाही.

तेव्हा मागण्या तीन आहेत. राज्य सरकारने १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा एकरकमी कर कमी करावा. महापालिकेने सातपूर, अंबडच्या पाळ्यांच्या वेळांना धरून रात्रीच्या बस सोडाव्यात. आणि आपण, प्रत्येक मोहल्ल्यात, पस्तीस नावांची एक यादी तयार करावी. पहिल्या दोन मागण्यांसाठी निवेदनं, मोर्चे आणि धीर लागेल. तिसरीसाठी कोणाच्याही मंजुरीची गरज नाही. येत्या जुम्याच्या नमाजनंतर दहा मिनिटं थांबलात, तरी सुरुवात होऊ शकते.